पडद्यांचा ग्रंथ

बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांनी बाईला हुडहुडी भरून ताप यायचा. पोट फुगून टम्म व्हायचं, त्याला पांघरुणाचाही स्पर्श सोसवायचा नाही, आणि आठवडाभरात सगळं संपायचं. अठराव्या शतकातले युरोपातले डॉक्टर याला गर्भाशयाचा दाह म्हणत. हीच लक्षणं पुरुषात दिसली की ती आतड्यांच्या दाहात जमा होत. मग मृत शरीर उघडलं जाई आणि गोंधळ वाढे. पुष्कळदा आतडं चिरून पाहावं तर आतून स्वच्छ, गर्भाशयाचा स्नायूही ठीक. बिघडलेला असे तो त्या सगळ्यांवरून पसरलेला, एरवी पारदर्शक आणि चकचकीत असणारा पातळ पडदा. तो लालबुंद झालेला, जागोजागी चिकटलेला, पुवाने माखलेला. विच्छेदन करणाऱ्या अनेकांनी हे पाहिलं होतं, काहींनी लिहूनही ठेवलं होतं. पण पडदा म्हणजे वेष्टन, आणि वेष्टनाला स्वतःचा आजार असू शकतो हा विचार वैद्यकाच्या मांडणीत नीट बसत नव्हता. तो बसवण्याचं काम पॅरिसमध्ये एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने केलं. त्याचं नाव झाव्हिए बिशा.

शरीरातल्या पातळ आवरणांची ओळख माणसाला फार जुनी. गॅलेनने डोळ्याचे, जठराचे, रक्तवाहिन्यांचे थर सांगितले, आणि पुढची तेरा-चौदा शतकं युरोप व अरबी जगातले वैद्य ते थर मोजत राहिले. त्या मोजणीत पडद्याचं काम ठरलेलं होतं. आतल्या अवयवाला झाकायचं, बांधून ठेवायचं, शेजारच्यापासून वेगळं राखायचं. अठराव्या शतकातला थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्ब्रेख्त फॉन हालर यानेही पडद्यांना स्वतंत्र अस्तित्व दिलं नाही. शरीरभर पसरलेल्या एकाच विरविरीत जाळीचे दाबून घट्ट झालेले थर, एवढीच त्याच्या लेखी त्यांची ओळख. 1761 साली पादुआच्या मॉर्गान्यीने रोगाला ठिकाण असतं हे दाखवून दिलं. सुमारे सातशे शवविच्छेदनांच्या आधारे त्याने लक्षणं आणि बिघडलेले अवयव यांची सांगड घातली. हे पाऊल फार मोठं होतं, पण मॉर्गान्यीचा पत्ता अवयवापाशी संपत होता. फुप्फुस, हृदय, यकृत, मेंदू. अवयवाच्या आत कुठे, कोणत्या थरात, हा प्रश्न पुढच्या पिढीसाठी उरला.

ती पिढी फ्रेंच राज्यक्रांतीच्या पॅरिसमध्ये घडली. शहराचं सर्वांत जुनं रुग्णालय ओतेल-दिय, नोत्र-दाम कॅथीड्रलच्या अगदी शेजारी, सेन नदीच्या काठावर. शल्यचिकित्सक जाक तनों याने 1788 साली पॅरिसच्या रुग्णालयांवर जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात इथलं चित्र वाचून आजही पोटात ढवळतं. एकेका खाटेवर चार-चार, सहा-सहा रोगी, जिवंत माणसाच्या कुशीला मेलेला, आणि दाखल होणाऱ्या साधारण साडेचार रोग्यांमागे एकाचा मृत्यू. क्रांतीने जुन्या वैद्यकीय शाळा बंद केल्या आणि डिसेंबर 1794च्या कायद्याने नव्या काढल्या. कायद्याचा शिल्पकार फूर्क्रवा हा रसायनशास्त्रज्ञ. विद्यार्थ्याने पोथ्या कमी वाचाव्यात, डोळ्यांनी पाहावं आणि हातांनी करावं, ही त्याची धारणा. तोवर फिजिशियन आणि सर्जन या दोन वेगळ्या जाती होत्या. पहिला लॅटिनमध्ये बोलायचा आणि रोग्याला हात लावायचा नाही, दुसरा हात घालायचा पण विद्वानांत गणला जात नसे. आता दोघांचं शिक्षण एका छपराखाली आलं. सर्जनची नजर नेमक्या जागेवर असते. गळू कुठे, हाड कुठे मोडलं, चाकू कुठे लावायचा. ही नजर आता तापाकडे आणि खोकल्याकडेही वळणार होती.

बिशाचा जन्म 14 नोव्हेंबर 1771चा, पूर्व फ्रान्समधल्या थ्वारेत या गावचा. वडील डॉक्टर होते. लियाँला शरीररचना आणि शस्त्रक्रिया शिकत असताना क्रांतीचे हादरे बसले, 1793 साली त्या शहराला वेढा पडला आणि त्याचं शिक्षण मोडलं. काही काळ सैन्यातल्या जखमींवर उपचार करून तो 1794च्या उन्हाळ्यात पॅरिसला आला आणि ओतेल-दियचा मुख्य शल्यचिकित्सक प्येर-जोसेफ देसो याच्या वर्गात, शेकडो विद्यार्थ्यांत एक म्हणून, बसू लागला. तिथे रीत अशी होती की आदल्या दिवशीच्या व्याख्यानाचा सारांश नेमून दिलेल्या विद्यार्थ्याने वर्गापुढे वाचायचा. एके दिवशी तो विद्यार्थी आलाच नाही. विषय होता गळपट्टीच्या हाडाचं मोडणं. बिशा उठला आणि त्याने सारांश मांडला, तो इतका नेटका की वर्ग स्तब्ध झाला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट देसोच्या कानावर गेली आणि त्याने या तरुणाला घरी राहायला बोलावलं. तेव्हापासून बिशा त्या घरचा मुलगाच झाला.

हे छत्र वर्षभरही टिकलं नाही. तांप्लच्या तुरुंगात कैदेत असलेल्या दहा वर्षांच्या राजपुत्रावर देसो उपचार करत होता. 1 जून 1795 रोजी देसो अचानक वारला, आठवड्याने तो मुलगाही गेला, आणि पॅरिसमध्ये विषप्रयोगाच्या अफवा उठल्या. बिशाने गुरूच्या अर्धवट राहिलेल्या शस्त्रक्रियाविषयक लेखनाची जुळणी केली, ते छापून काढलं, आणि देसोच्या विधवा पत्नीबरोबर त्याच घरात राहत राहिला. पुढच्याच वर्षी त्याने मित्रांसह एक वैद्यकीय मंडळ काढलं. पिनेल, कोर्व्हिसार, काबानीस असे डॉक्टर त्यात होते. 1797 पासून तो स्वतःचे खासगी वर्ग घेऊ लागला. शरीररचना, शरीरक्रिया, शस्त्रक्रिया, सगळं एकटाच शिकवी. मध्येच छातीतून रक्त पडण्याचा भयंकर आजार झाला. त्यातून उठला आणि पुन्हा विच्छेदनगृहात जाऊन उभा राहिला.

विच्छेदनगृहातलं त्याचं काम चाकूपुरतं नव्हतं. शरीराचा एखादा भाग घेऊन तो पाण्यात दिवसचे दिवस भिजत ठेवी, वाळवी, उकळी, कुजू देई, आम्लात आणि अल्कलीत टाकी. कोणता पडदा उकळल्यावर आक्रसतो, कोणता विरघळतो, कोणता कुजायला वेळ लावतो, हे तो नोंदत जाई. दोन ठिकाणचे पडदे दिसायला वेगळे असले तरी या सगळ्या कसोट्यांना सारखेच उतरले, तर ते एकाच जातीचे. मेंदूवरचा आणि आतड्यांवरचा पडदा हे सख्खे भाऊ आहेत, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. गिलोटिनखाली मारल्या गेलेल्यांच्या शरीरांवर विजेचे प्रयोग करण्याचा परवानाही एका हिवाळ्यात त्याला मिळाला होता. शिरच्छेदानंतर अर्ध्या-पाऊण तासात ती शरीरं त्याच्या हाती येत.

आणि बाकीची शरीरं? ती बहुतेक गरिबांची. ज्यांना न्यायला कोणी आलं नाही अशी माणसं, रुग्णालयात मेलेले हमाल, मोलकरणी, टाकून दिलेल्या बाया, रस्त्यावरची मुलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. बिशाच्या ग्रंथांत त्यांची नावं नाहीत, आणि पॅरिसच्या वैद्यकाची कीर्ती सांगताना या गोष्टीवरून पुढे सरकून जाणं मला योग्य वाटत नाही. आज जगभरातले विद्यार्थी जे शिकतात त्याचा पाया या अनाम माणसांच्या देहांवर घातला गेला.

1800 साली बिशाचा पडद्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याआधीच मंडळाच्या नियतकालिकात त्याचे दोन निबंध आले होते, एक एकूण पडद्यांवर आणि एक सांध्याच्या आतल्या पडद्यावर. हा दुसरा निबंध पाहण्यासारखा आहे. सांध्यांत वंगणासारखा बुळबुळीत द्रव असतो. तो कुठून येतो? सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या क्लॉप्टन हॅव्हर्सने सांध्यात ग्रंथी दाखवल्या होत्या आणि शंभर वर्षं सगळे तेच मानत आले. बिशा म्हणाला की या ग्रंथी नव्हेतच. सांध्याला आतून एक मऊ पडदा आहे आणि द्रव त्या पडद्यातूनच पाझरतो. म्हणजे पडदा झाकण्यापलीकडे काही करतो. तो स्रवतो, शोषतो, सुजतो. बिशाच्या हातून पुढे जे घडलं ते सगळं या एका निरीक्षणात बीजरूपाने होतं असं मला वाटतं.

ग्रंथात त्याने साध्या पडद्यांचे तीन वर्ग केले. पहिला श्लेष्मल, म्हणजे म्यूकस. शरीराच्या ज्या पोकळ्या बाहेर उघडतात त्यांना आतून हे अस्तर असतं आणि ते सदैव चिकट स्रावाने ओलं असतं. बिशाने सांगितलं की असे पडदे असंख्य नाहीत, मुळात दोनच आहेत. एक तोंड-नाकापासून सुरू होऊन श्वासनलिकेत आणि अन्ननलिकेतून थेट गुदद्वारापर्यंत जाणारा, दुसरा मूत्रमार्ग व जननेंद्रियांचा. नाकातली सर्दी, घशाची सूज, खोकल्याचा कफ आणि आमांशाची आव ही इतक्या वेगवेगळ्या जागची दुखणी एकाच अखंड पडद्याची आहेत, हे वाचणाऱ्या डॉक्टरांना केवढं नवं वाटलं असेल! तिसरा वर्ग तंतुमय. हाडांवरचं आवरण, मेंदूवरचं बाहेरचं जाड आवरण, डोळ्याचा पांढरा भाग हे चिवट, ताण सोसणारे पडदे त्यात आले.

मधला वर्ग त्याच्या सर्वांत जिव्हाळ्याचा, सिरस पडद्यांचा. फुप्फुसांभोवतालचा प्लुरा, हृदयाभोवतीच्या पेरिकार्डियमचं आतलं अस्तर, पोटातला पेरिटोनियम, वृषणाभोवतीचा, मेंदूवरचा कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम ॲराक्नॉइड. बिशाच्या म्हणण्याप्रमाणे यातला प्रत्येक पडदा कुठेही तोंड नसलेली बंद पिशवी आहे. मग अवयव तिच्या आत गेला कसा? तो आत नाहीच. हे समजावून द्यायला त्याने रात्री डोक्यावर घालायच्या दुहेरी टोपीचं उदाहरण घेतलं. टोपीची एक बाजू आत दुमडलेली असते, डोकं तिच्यात घट्ट बसतं, तरी टोपीच्या दोन पदरांमधल्या जागेत डोकं शिरलेलं नसतं. फुप्फुस तसंच प्लुराने लपेटलेलं आहे आणि तरीही प्लुराच्या पोकळीबाहेर आहे. एक पदर अवयवावर, दुसरा भिंतीवर, मध्ये नुसता ओलावा. त्या ओलाव्यामुळे हृदय धडधडताना आणि छाती फुगताना काही घासत नाही. हा द्रव एकीकडून पाझरत असतो आणि एकीकडून शोषला जात असतो. तोल बिघडला की पाणी साठतं. छातीत, पोटात, हृदयाभोवती, डोक्यात पाणी होणं हे चार आजार म्हणून शिकवले जात. बिशाने त्यांना एका जातीच्या पडद्याच्या एकाच बिघाडाची चार ठिकाणं म्हटलं.

इथे न्यायाने एक सांगायला हवं. सुरुवात पूर्णपणे त्याची नव्हती. फिलिप पिनेलने 1798 साली रोगांचं जे वर्गीकरण छापलं त्यात दाहाचे आजार पडद्यांनुसार लावले होते, आणि बिशाने हे ऋण ग्रंथाच्या आरंभीच मान्य केलं. पण पिनेलने रोगापासून सुरुवात करून पडद्याकडे बोट दाखवलं होतं. बिशाने पडदा हातात घेतला, त्याचं सारं वागणं तपासलं आणि मग रोग सांगितला. प्लुरिसी आणि न्यूमोनिया हे शेजारी राहणारे दोन वेगळे आजार आहेत, एक आवरणाचा आणि एक फुप्फुसाच्या गराचा, ही गोष्ट आज कोणताही डॉक्टर सहज बोलतो. ती सहज झाली याचं श्रेय मी निःशंकपणे बिशाला देतो.

पडद्यांची मोजणी आपल्याकडेही झाली होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सात कला, म्हणजे शरीरातले पडदे, सांगितल्या आहेत. मांसधरा, रक्तधरा, मेदोधरा, श्लेष्मधरा, पुरीषधरा, पित्तधरा आणि शुक्रधरा. शेजारच्याच अध्यायात प्रेत तपासण्याची कृती आहे. देह मुंज गवतासारख्या वस्तूंत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचा, वाहत्या पाण्यात आडजागी सात रात्री राहू द्यायचा, आणि नीट कुजल्यावर वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. सुश्रुताच्या कला आणि बिशाचे पडदे एक नव्हेत, त्यांची जुळवाजुळव करण्याचा मोह टाळावा. पण पाण्याला आपलं काम करू द्यावं आणि मग थर आपोआप सुटे होतात, ही कारागिराची समज दोघांकडे होती याचा मला फार आनंद वाटतो. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत म्यूकस पडद्याला श्लेष्मकला म्हणतात, तेव्हा तो जुना शब्दच नव्या कामाला लागलेला असतो.

पडद्यांवरून बिशा सगळ्या शरीराकडे वळला. 1801च्या त्याच्या चार खंडी ग्रंथात शरीर एकवीस प्रकारच्या ऊतकांचं बनलेलं आहे अशी मांडणी आली. हाड, कूर्चा, स्नायू, चेता, धमनी, शीर, त्वचा, केस आणि अर्थात ते तिन्ही पडदे. अवयव म्हणजे या ऊतकांच्या वेगवेगळ्या जुळण्या. हे सगळं त्याने सूक्ष्मदर्शकाशिवाय केलं. त्या काळच्या भिंगांतून वस्तूंभोवती रंगीत कडा आणि खोटे गोळे दिसत, अंधुक प्रकाशात प्रत्येकाला वेगळंच काही दिसे, म्हणून त्याने ते साधन बाजूला ठेवलं. त्या भिंगांची अवस्था पाहता त्याचा अविश्वास वाजवी होता. मात्र त्याची किंमतही होती. आतल्या पेशी त्याच्या नजरेपासून कायमच्या दूर राहिल्या, आणि एकवीस हा आकडा पुढे टिकला नाही. त्याच्या काही गोष्टी साफ चुकल्याही. ॲराक्नॉइड एका नळीवाटे मेंदूच्या आतल्या पोकळीत शिरतो असं त्याने छातीठोकपणे लिहिलं होतं, आणि ती नळी पुढच्या संशोधकांना सापडली नाही.

तिशी गाठण्याआधीच ओतेल-दियमध्ये त्याची चिकित्सक म्हणून नेमणूक झाली. दिवसा खाटेजवळ पाहिलेला रोगी मेला की रात्री त्याचंच शरीर उघडायचं, हा क्रम सुरू झाला. एका हिवाळ्यात त्याने सहाशेहून अधिक शरीरं उघडल्याचं त्याचे समकालीन सांगतात. कित्येक रात्री तो तिथेच झोपे. 1802च्या जुलैत, कुजत ठेवलेल्या त्वचेवर काम करून बाहेर पडताना रुग्णालयाच्या जिन्यावर तो कोसळला. ताप चढला, शुद्ध हरपत गेली. देसोच्या पत्नीने शुश्रूषा केली. 22 जुलैला तो गेला, एकतीस वर्षंही पुरी झाली नव्हती. विषमज्वर की मेंदूच्या आवरणाचा क्षय, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. नेपोलियनचा खासगी डॉक्टर कोर्व्हिसार याने नेपोलियनला पत्र लिहून कळवलं की बिशा रणांगणावरच पडला आहे, आणि इतक्या थोड्या काळात इतकं काम इतक्या उत्तम रीतीने दुसऱ्या कोणी केलेलं नाही. नेपोलियनने देसो आणि बिशा या गुरुशिष्यांच्या नावाची शिळा रुग्णालयात बसवण्याचा हुकूम दिला. बिशाचं शवविच्छेदन त्याच्या शिष्यमंडळींनीच केलं. त्यांतल्या फिलिबेर रू याने गुरूची कवटी जपून ठेवली होती, आणि 1845 साली अस्थी पेर-लाशेझच्या दफनभूमीत हलवल्या तेव्हा ती परत देहाशी जोडली गेली.

ज्या वर्षी तो गेला त्याच वर्षी कोर्व्हिसारच्या नियतकालिकात एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा निबंध आला, पेरिटोनियमच्या दाहाच्या रोग्यांचा. विद्यार्थ्याचं नाव लेनेक, पुढे स्टेथोस्कोप शोधणारा. बाळंतिणीच्या त्या फुगलेल्या, हात न लावू देणाऱ्या पोटाला आता स्वतःचं नाव आणि स्वतःची जागा मिळू लागली. सगळेच वारस मात्र इतके संयमी नव्हते. बिशाचाच विद्यार्थी ब्रूसे याने बहुतेक सगळे रोग जठर-आतड्यांच्या अस्तराच्या दाहात कोंबले आणि पोटावर जळवा लावण्याचं असं वेड पसरवलं की फ्रान्सला बाहेरच्या देशांतून कोट्यवधी जळवा मागवाव्या लागल्या. किती अशक्त रोग्यांचं रक्त त्यात फुकट गेलं असेल! गुरूचं खरं काम पुढे नेलं ते जर्मन सूक्ष्मदर्शकांनी. 1839 साली श्वानने पेशी दाखवल्या, 1858 साली फिर्खोने रोगाचा पत्ता पेशीपर्यंत नेला. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’ कादंबरीतला तरुण डॉक्टर लिडगेट बिशाच्या ऊतकांमागचं मूळ ऊतक शोधण्याचं स्वप्न पाहतो, त्याचा काळ बिशा आणि श्वान यांच्या मधला आहे.

पेरिटोनियम द्रव देतो आणि घेतो, हे बिशाचं निरीक्षण 1923 साली जर्मनीत गेऑर्ग गांटरने एका वेगळ्याच हेतूने वापरलं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रोग्याच्या पोटात त्याने द्रव भरला आणि रक्तातली विषद्रव्यं त्या पडद्यातून बाहेर येतात का, हे पाहिलं. प्रौढ माणसात या पडद्याचं क्षेत्रफळ जवळपास अंगावरच्या त्वचेइतकं असतं, आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, म्हणून हे शक्य होतं. 1976 साली अमेरिकेत पोपोविच आणि मॉन्क्रिफ यांनी यातून घरच्या घरी करता येणारी पद्धत मांडली. आज महाराष्ट्रातही मूत्रपिंडाचे अनेक रोगी डायलिसिस केंद्रात न जाता घरातच, स्वच्छ हातांनी, दोन लिटरची पिशवी पोटात रिकामी करतात, काही तासांनी तो द्रव काढून टाकतात आणि नवा भरतात, दिवसातून साधारण चार वेळा. मूत्रपिंडाचं काम त्या वेळात पोटातला पडदा करत असतो.